कांस्य खरं की पराभव खरे? महिला आइस हॉकी संघाची कामगिरी कशी वाचायची

नमस्कार मॅडम,

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. सोलापूरच्या होटगी रोडवरच्या तुमच्या शाळेत मुली सिमेंटच्या मैदानावर रोलर हॉकी खेळतात. स्नेहसंमेलनासाठी त्यांना भारताच्या महिला आइस हॉकी संघावर फलक करायचा आहे. एका ठिकाणी त्यांना ‘२०२५ मध्ये आशियात तिसरा क्रमांक’ असं सापडलं, दुसरीकडे ‘पराभवच जास्त असलेला संघ’ असं. जिंकलेल्या-हरलेल्या सामन्यांचे आकडेही दोन ठिकाणी दोन. खरं काय धरायचं, आणि आपल्या मुलींना या खेळात वाव आहे का, असं तुम्ही विचारलंय.

कांस्यपदक खरं आहे आणि पराभवही खरे आहेत. गडबड होते ती ‘आशियात तिसरा’ या शब्दांत. कुठल्याही राष्ट्रीय संघाची कामगिरी वाचताना ‘किती जिंकले’ हा प्रश्न मी शेवटी ठेवतो. त्याआधी तीन गोष्टी बघतो: सामना कुठल्या पायरीवरचा होता, समोर कोण होतं, आणि निकाल साठ मिनिटांत, म्हणजे सामन्याच्या ठरलेल्या वेळेत लागला की नंतर. आइस हॉकीत हे फार महत्त्वाचं, कारण वरच्या आणि खालच्या पायरीतलं अंतर क्रिकेट किंवा कबड्डीपेक्षा कितीतरी मोठं आहे.

किती मोठं, ते एका उदाहरणात दिसेल. ६ सप्टेंबर २००८ रोजी लाटव्हियातल्या लिएपाया इथे ऑलिम्पिकच्या पूर्वपात्रता फेरीत स्लोव्हाकियाच्या महिलांनी बल्गेरियाला ८२-० असं हरवलं. साठ मिनिटांत ८२ गोल, म्हणजे सरासरी ४४ सेकंदांना एक. तोच स्लोव्हाकिया पात्र ठरून व्हँकुव्हर ऑलिम्पिकला गेला आणि १३ फेब्रुवारी २०१० रोजी कॅनडाकडून ०-१८ असा हरला. मधे दीड वर्षही गेलं नव्हतं. या दोन सामन्यांची नुसती बेरीज केली तर ‘एक विजय, एक पराभव, गोल ८२-१८’ असा झकास दिसणारा हिशेब निघतो, आणि त्यातून संघाबद्दल काहीच कळत नाही. म्हणून दोन पायऱ्यांवरचे गोल एका बेरजेत घालू नका. मुलींना एवढं एक समजलं तरी फलक इतरांपेक्षा वेगळा होईल.

आता तक्ता. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या गुणतक्त्यात जिंकलेले आणि हरलेले असे दोनच रकाने नसतात, चार असतात. साठ मिनिटांत विजय मिळाला तर ३ गुण. बरोबरी होऊन जादा वेळेत किंवा शूटआउटवर (एकेक खेळाडू एकटीने गोलकीपरवर चाल करते) विजय मिळाला तर २. तसाच पराभव झाला तर १. साठ मिनिटांत पराभव झाला तर शून्य. प्रत्येक सामन्यात दोन्ही संघांचे मिळून तीनच गुण वाटले जातात, त्यामुळे तक्ता तपासणं सोपं जातं: सगळ्या संघांच्या गुणांची बेरीज म्हणजे सामन्यांच्या संख्येची तिप्पट. ती जुळली नाही तर कुठेतरी एक निकाल चुकीच्या रकान्यात पडलाय.

दोन ठिकाणी दोन आकडे दिसतात त्याचं एक मोठं कारण हेच. कुणी जादा वेळेतला विजय सरळ विजयात धरतं, कुणी वेगळा ठेवतं, कुणी तो सामना बरोबरीत टाकतं. शूटआउटचंही तसंच. शूटआउटमध्ये तीनदा पक (चेंडूऐवजी वापरतात ती रबरी चकती) जाळ्यात गेला तरी जिंकणाऱ्या संघाच्या धावफलकावर एकच गोल वाढतो. २-२ वरून शूटआउट जिंकला तर निकाल ३-२, मग आत कितीही गोल झालेले असोत. नवखा माणूस सगळे मोजतो आणि गोलांची बेरीज बिघडते.

जपानचा बीजिंग २०२२ ऑलिम्पिकमधला गट यासाठी उत्तम नमुना आहे. मुलींकडून कागदावर सोडवून घ्या. जपानने स्वीडनला ३-१ आणि डेन्मार्कला ६-२ हरवलं, चीनकडून शूटआउटवर १-२ असा पराभव पत्करला, चेक संघाला शूटआउटवर ३-२ हरवलं. रकाने भरले की येतं: सामने ४, विजय २, जादा वेळेतला विजय १, जादा वेळेतला पराभव १, पराभव ०, गोल १३-७, गुण ९. जपान गटात पहिला. पुढे उपांत्यपूर्व फेरीत फिनलंडकडून १-७. आता पाच सामन्यांचे गोल १४-१४ झाले आणि अंतिम क्रमांक सहावा.

गटात पहिला आलेला संघ सहावा कसा, असं मुली विचारतील. विचारायलाच हवं. त्या स्पर्धेत गट चिठ्ठ्या टाकून केलेले नव्हते. वरच्या मानांकनाचे पाच संघ अ गटात आणि बाकीचे पाच ब गटात. अ गटातले पाचही पुढे जाणार होते, ब गटातले पहिले तीनच. म्हणजे ब गटातला पहिला क्रमांक ही दुसऱ्या पायरीवरची पहिली जागा होती. जपानसाठी ती मोठीच गोष्ट होती, कारण १९९८ च्या नागानो ऑलिम्पिकमध्ये यजमान म्हणून खेळताना त्यांनी पाचही सामने गमावले होते, गोल २-४५. २०१४ च्या सोचीतही पाचच्या पाच हरले. पहिला ऑलिम्पिक विजय आला तो १४ फेब्रुवारी २०१८ रोजी, कोरियाच्या संयुक्त संघाविरुद्ध ४-१. ऑलिम्पिकमधला तो त्यांचा तेरावा सामना होता. पहिल्या गटसामन्यापासून पहिल्या विजयापर्यंत वीस वर्षं. ‘सलग बारा पराभव’ एवढंच लिहिलं तर १९९८ मधल्या ०-१३ पासून २०१४ मधल्या ०-१ पर्यंत आलेली वाटचाल दिसतच नाही.

तेच कोरियाचं. दक्षिण कोरियाच्या महिला २००७ च्या आशियाई हिवाळी स्पर्धेत जपानकडून ०-२९ हरल्या. २०१७ मध्ये साप्पोरोला, याच स्पर्धेत, त्याच जपानकडून ०-३. तक्त्यात दोन्ही ‘पराभव’. मी अशा वेळी एकाच प्रतिस्पर्ध्याविरुद्धचे निकाल तारखेनुसार एकाखाली एक लिहितो. हा उभा रकाना एकूण बेरजेपेक्षा जास्त बोलतो. त्याच साप्पोरोत कोरियाने थायलंडला २०-० हरवलं होतं. आशियातल्या पायऱ्यांमधलं अंतर त्यावरून लक्षात येईल, कारण दक्षिण-पूर्व आशियाच्या संघांमध्ये थायलंड हा पुढचा संघ मानला जातो.

इथे एक सावधगिरी. २०१८ च्या प्योंगचांग ऑलिम्पिकला उत्तर आणि दक्षिण कोरियाचा संयुक्त संघ उतरला होता. पाच सामने, पाच पराभव, गोल २-२८. हे आकडे दक्षिण कोरियाच्या खात्यात मिसळू नयेत, तो स्वतंत्र संघ म्हणून नोंदवतात. काही याद्यांमध्ये ते मिसळलेले आढळतात आणि मग तुमच्यासारख्यांची बेरीज जुळत नाही. जुळत नसण्याची आणखी नेहमीची कारणं म्हणजे मैत्रीपूर्ण सामने धरणं, क्लब संघाविरुद्धचा सराव सामना राष्ट्रीय सामन्यात घालणं आणि यजमान संघाचं नाव आधी लिहिलेलं असताना आकडा उलटा उतरवणं. आकड्यांची खटपट करण्याआधी यादीत सामन्यांची संख्या सारखी आहे का ते बघा. बहुतेक वेळा तिथेच उलगडा होतो.

आता आपल्या संघाकडे. भारतीय संघटना १९८९ पासून आंतरराष्ट्रीय महासंघाची सदस्य आहे, पण महिलांचा राष्ट्रीय संघ पहिल्यांदा अधिकृत स्पर्धेत उतरला तो मार्च २०१६ मध्ये, तैपेईच्या आशियाई चॅलेंज चषकात. तिथे विजय मिळाला नाही. पुढच्याच वर्षी बँकॉकला फिलिपिन्सविरुद्ध ४-३ असा पहिला विजय आला. मे-जून २०२५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐन इथे महिलांचा आशिया चषक झाला. सहा संघ होते. फिलिपिन्सने सुवर्ण, इराणने रौप्य आणि त्सेवांग चुस्कित हिच्या नेतृत्वाखाली भारताने कांस्य जिंकलं.

या स्पर्धेत जपान, चीन, दक्षिण कोरिया आणि कझाकस्तान नव्हते. ते जागतिक अजिंक्यपदाच्या वेगवेगळ्या विभागांत खेळतात. म्हणून ‘आशियात तिसरा’ लिहिणं बरोबर नाही, ‘आशिया चषकात तिसरा’ हे शंभर टक्के बरोबर. एका शब्दाचा फरक आहे, पण आठवीतल्या एखाद्या मुलीने ‘मग जपान कुठे गेला’ असं विचारलं की पहिलं वाक्य कोसळतं आणि दुसरं टिकतं. पदक नेमक्या जागी ठेवलं तर त्याची किंमत उलट वाढते: पहिल्या अधिकृत सामन्यापासून नऊ वर्षांत पदक, आणि तेही अशा देशातून, जिथे संघातल्या बहुतेक जणी लडाखच्या नैसर्गिक बर्फावर घडतात.

फिलिपिन्सकडे नीट बघा. २०१७ मध्ये ज्यांना आपण हरवलं तेच २०२५ मध्ये विजेते. म्हणजे आपण पुढे सरकलो तसे तेही सरकले, कदाचित जास्त वेगाने. प्रतिस्पर्धी जागेवर थांबलेला नसतो. ‘त्यांना आम्ही हरवलं आहे’ हे वाक्य आठ वर्षांनी लिहायचं तर वर्ष जोडूनच लिहावं.

जागतिक क्रमवारीबद्दल थोडक्यात. ती महिलांच्या जागतिक अजिंक्यपद आणि ऑलिम्पिकमधल्या स्थानावरून ठरते. चालू वर्षाचे गुण पूर्ण धरतात, मागच्या वर्षाचे ७५ टक्के, त्याआधीच्या वर्षाचे ५० आणि चौथ्या वर्षाचे २५. आशिया चषक त्यात येत नाही. त्यामुळे पदक आणि क्रमवारी एकमेकांशी जुळवायला जाऊ नका.

बर्फाचा मुद्दा मात्र सविस्तर सांगतो, कारण भारताच्या आकड्यांचं कारण तिथे आहे. लेहच्या कारझू तळ्यासारख्या उघड्या जागी बर्फ साधारण डिसेंबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत टिकतो, म्हणजे जेमतेम दोन महिने. तोही पहाटे कठीण आणि दुपारच्या उन्हात मऊ. मऊ बर्फावर पक अडखळतो, पास सरळ जात नाही, म्हणून खेळाडूला पक स्टिकला चिकटवून एकटीने पुढे नेण्याची सवय लागते. आंतरराष्ट्रीय सामना होतो ६० मीटर लांब, मशीनने गुळगुळीत केलेल्या बर्फावर. तिथे पक एखाद्या खेळाडूपेक्षा कितीतरी वेगाने पळतो आणि पास देणारा संघ एकटं पळणाऱ्या संघाला दमवतो. वीस-वीस मिनिटांचे तीन पिरियड, घड्याळ प्रत्येक शिट्टीला थांबणारं, म्हणजे प्रत्यक्षात सामना दोन तासांच्या पुढे जातो.

याचा ठसा स्कोअरशीटवर दिसतो. नवख्या संघाचा निकाल ०-६ असेल तर आधी पिरियडनुसार फोड बघा. ०-१, ०-१, ०-४ अशी असेल तर कौशल्यापेक्षा दम कमी पडला, किंवा बदली खेळाडू पुरेशा नव्हत्या. या खेळात पाच जणी आणि गोलकीपर बर्फावर असतात. पाच जणींची फळी ४० ते ६० सेकंदांनी बदलावी लागते. राखीव फळ्या कमी असतील तर तिसऱ्या पिरियडला पाय उचलत नाहीत. उलट ०-४, ०-१, ०-१ अशी फोड असेल तर संघ सुरुवातीला गांगरला आणि मग सावरला. निकाल तोच, पण प्रशिक्षकाने करायचं काम पूर्ण वेगळं.

दुसरी गोष्ट, गोलवरचे फटके. समजा समोरच्या संघाने ४० फटके मारले आणि ६ गोल झाले. गोलकीपरने ३४ अडवले, म्हणजे ८५ टक्के. दुसऱ्या सामन्यात १५ फटक्यांत ६ गोल, म्हणजे ६० टक्के. दोन्ही सामने ०-६. पहिल्यात गोलकीपरने संघ सावरून धरला आणि बचावफळी उघडी पडली. दुसऱ्यात पक गोलपर्यंत फारसा आलाच नाही, पण आला तेव्हा आत गेला. फक्त निकाल पाहून गोलकीपरला दोष देणाऱ्यांनी हा रकाना एकदा बघावा.

स्कोअरशीटवरची एक ओळ मुलींना फळ्यावर लिहून दाखवा: ‘३४:१२, ९, १७, ४, पीपी१’. घड्याळ शून्यापासून पुढे मोजतात, म्हणून ३४:१२ म्हणजे दुसरा पिरियड, चौदा मिनिटं बारा सेकंद झालेली. ९ नंबरच्या मुलीने गोल केला, १७ आणि ४ नंबरने पास दिले. पीपी१ म्हणजे समोरची एक खेळाडू शिक्षेच्या बाकावर होती. साधी शिक्षा दोन मिनिटांची, आणि तेवढा वेळ संघ एकीने कमी खेळतो. नवखे संघ पाय उशिरा पोचल्यामुळे स्टिकने अडवतात, शिक्षा ओढवून घेतात आणि त्या दोन मिनिटांत गोल खातात. एखाद्या सामन्यातले निम्मे गोल पीपी१ असतील, तर सरावात आधी काय घ्यायचं ते कागदच सांगतो.

हे सगळं फलकावर घालायची गरज नाही. किती घालायचं ते फलक कुणासाठी आहे त्यावर ठरेल. पालकांसाठी असेल तर २०१६, २०१७ आणि २०२५ ही तीन वर्षं, ठिकाणं आणि एक नकाशा पुरे. खेळणाऱ्या मुलींसाठी असेल तर जपानचं गणित आणि स्कोअरशीटची ओळ जरूर घाला. बातमी म्हणून देत असाल तर प्रत्येक आकड्यापुढे स्पर्धा आणि वर्ष लिहा. जिंकले-हरले अशी एकूण बेरीज मी तिन्ही ठिकाणी टाळेन.

राहिला वावाचा प्रश्न. हो, आहे, पण सोलापुरात बसून तो किती मिळेल हे तुमच्या मुली कुठल्या चाकांवर खेळतात त्यावर अवलंबून आहे. चार कोपऱ्यांत चार चाकं असलेल्या क्वाड स्केट्सवर, चेंडूने खेळत असतील तर आधी एका रेषेतल्या चाकांच्या इनलाइन स्केट्सवर यावं लागेल. इनलाइनचा तोल, पाय ढकलण्याची पद्धत आणि मागे वळणं बर्फावर बऱ्यापैकी उपयोगी पडतं. उपयोगी पडत नाही ते थांबणं. बर्फावर दोन्ही पाती आडवी करून घसरत थांबतात. चाक तसं आडवं घसरत नाही, अडकतं आणि मुलगी तोंडावर पडते. त्यामुळे इनलाइनवरून आलेली मुलगी बर्फावर पहिले काही दिवस वेगात असते आणि थांबता येत नाही म्हणून कठड्यावर आदळते. तिला पहिला आठवडा पक देऊच नये. आडवं थांबणं, दोन्ही बाजूंनी, एवढंच घ्यावं. एका बाजूने सगळ्यांना लवकर जमतं आणि दुसरी बाजू कच्ची राहते, तीच सामन्यात उघडी पडते.

सोलापूरच्या मैदानावर मऊ चाकं घेऊ नका. खडबडीत सिमेंट आणि एप्रिल-मेचं ऊन यांत ती झपाट्याने झिजतात. बाहेर खेळायला ८२ए (हे कडकपणाचं माप, आकडा मोठा तितकं चाक कडक) किंवा त्याहून कडक चाक घ्यावं, ७४-७६ए ची चाकं बंदिस्त गुळगुळीत कोर्टासाठी असतात. सराव सकाळी सात-साडेसातच्या आत उरका. स्टिक अनवाणी उभं राहिल्यावर नाकापर्यंत यावी. पालक ‘पुढच्या वर्षी पण चालेल’ म्हणून लांब घेतात, मग मुलगी कंबरेतून वाकतच नाही. बर्फाचे स्केट्स नेहमीच्या बुटापेक्षा एक ते दीड नंबर लहान बसतात, तिथेही ‘वाढत्या पायाचं’ माप घेऊ नका, घोटा आत हलला की पातं तिरकं पडतं. हेल्मेटला पूर्ण चेहऱ्याची जाळी हवीच, महिलांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यात पूर्ण चेहऱ्याचं संरक्षण सक्तीचं आहे. इथे रोलर खेळतानाही आतापासून वापरली तर जाळीतून पक बघायची सवय होते.

बर्फाचा हंगाम जानेवारीत, म्हणजे नेमका गड्ड्याच्या जत्रेच्या आणि दहावीच्या सराव परीक्षेच्या दिवसांत येतो. म्हणून पहिली तुकडी सातवी-आठवीच्या मुलींची करा. लेहला हिवाळ्यात विमानानेच जावं लागेल. उंची सुमारे ३,५०० मीटर, सोलापूरच्या मुलीला तिथे पहिल्या दिवशी जिना चढतानाही धाप लागते. पोचल्यावर दोन पूर्ण दिवस विश्रांती, भरपूर पाणी, स्केट्स पिशवीतच. निघण्याआधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या, विशेषतः दमा किंवा रक्ताची कमतरता असलेल्या मुलींची. दहा दिवसांच्या दौऱ्यातले बर्फावरचे दिवस आठच धरा आणि पालकसभेत खर्चाचा आकडा मांडताना हे आधीच सांगून टाका.